हे साधन टांगायचं कुठं?

बालभारतीची गेल्या काही वर्षांतली सातवी, आठवी आणि नववीची इतिहासाची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून उघडा. तिन्हींत पहिला धडा एकच आहे, 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित, मौखिक. वरच्या वर्गांत त्यात दृक्-श्राव्यची भर. मूल लागोपाठ तीन वर्षं साधनांचे प्रकार पाठ करतं आणि तीन वर्षांत त्याच्या हाताला एकही साधन लागत नाही. सहल किल्ल्यावर गेली तर तेवढंच.

शाळेतल्या सरांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना बी.एड.ला जे दिसलं तेच ते वर्गात करणार. आणि बी.एड.ला काय दिसतं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण दाखवणाऱ्यांपैकी मी एक. खान्देशात बी.एड.ला इतिहासाची मेथड, म्हणजे इतिहास कसा शिकवायचा ते, शिकवता शिकवता माझी निम्मी नोकरी या धड्याचा तक्ता काढून घेण्यात गेली. मधे वर्तुळ, त्यातून तीन बाण, बाणांच्या टोकाला चौकोन. स्केचपेनचे रंग नीट जमले की गुण चांगले.

पुढे अध्यापक महाविद्यालयांच्या आणि डायटच्या (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या) प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली. विषय होता, इंटरनेटवर आलेली जुनी कागदपत्रं वर्गात कशी वापरायची. पहिल्या दिवशी सगळ्यांना १८८० च्या खान्देश गॅझेटिअरमधल्या, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातल्या, एका पानाची प्रत दिली आणि म्हटलं, यावर उद्या एक पाठ काढून आणा. दुसऱ्या दिवशी टाचणं आली. जवळपास प्रत्येकात एक ओळ सारखीच: 'शैक्षणिक साधने : खडू, फळा, डस्टर, गॅझेटिअरच्या पानाचे चित्र.' एक सर तर अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, लॅमिनेट करून आणलंय. पण हे साधन टांगायचं कुठं?"

हसू आलं, पण सरांचं फारसं चुकलं नव्हतं. 'साधन' या एकाच शब्दाला आपण दोन गाड्यांना जुंपलंय. शैक्षणिक साधन म्हणजे तक्ता, प्रतिकृती, नकाशा. तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं, साधन ते फक्त डोळ्यांसमोर आणतं. इतिहासाचं साधन हा पुरावा असतो. त्यात उत्तर लिहून ठेवलेलं नसतं. कोर्टातल्या साक्षीदारासारखी त्याची उलटतपासणी घ्यावी लागते, आणि कधी कधी साक्षीदार काही बोलतच नाही. अशा मुक्या साक्षीदारासमोर वर्गाला घेऊन बसायचं, हे बी.एड.च्या प्राध्यापकाला कुणी शिकवलेलंच नसतं. संगणक चालवायला दोन तासांत येतो. अडचण ती नाही.

अस्सल साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक आधी घेऊ. फैजपूरचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. पाठ्यपुस्तकातली ही ओळ दुय्यम, कारण कुणीतरी नंतर बरेच कागद वाचून काढलेला तो निष्कर्ष आहे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंचं भाषण, तिथे मंजूर झालेला शेतकऱ्यांविषयीचा कार्यक्रम, त्या दिवसांतले फोटो, गांधीजींनी तिथल्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना केलेलं भाषण, हे सगळं अस्सल. गांधीजींचे समग्र लेखन-भाषणांचे शंभर खंड गांधी हेरिटेज पोर्टलवर फुकट वाचता येतात, त्यात फैजपूरही आहे. ओळ वाचून मूल 'पहिलं अधिवेशन' एवढं पाठ करतं. भाषण वाचलं तर त्यात नंदलाल बोसांचं नाव येतं, आणि मग एखादी मुलगी विचारते की शांतिनिकेतनच्या एवढ्या मोठ्या चित्रकाराला यावल तालुक्यातल्या गावात कशाला बोलावलं? बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्यातून नगर उभारायचं हे कुणी ठरवलं? एक मार्काच्या ओळीतून असे प्रश्न निघत नाहीत.

इथे प्राध्यापक मंडळी एका ठिकाणी हमखास अडखळतात. त्यांना वाटतं, 'अस्सल' हा वस्तूवर मारलेला शिक्का आहे. तसं नसतं. कागद अस्सल की दुय्यम हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. १८८० चं गॅझेटिअर घ्या. इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश ताब्यात घेतला तेव्हा काय घडलं, या प्रश्नासाठी ते दुय्यम; साठ वर्षांनी, जुने अहवाल समोर ठेवून लिहिलेलं. पण १८८० चा इंग्रज अंमलदार खान्देशाकडे कसा बघत होता, या प्रश्नासाठी त्याच्याइतकं अस्सल दुसरं काही सापडणार नाही.

आणि काही साधनं अशी की त्यांत तोंड एकाचं आणि हात दुसऱ्याचा. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या घरात-शेतात गात, आणि जवळची माणसं ते उतरवून घेत. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. ही अस्सल साधनं आहेत का? आहेत, पण कशाची? ऐकणाऱ्यानं काय गाळलं असेल, कुठे शब्द सरळ केला असेल? कार्यशाळेत यावर तासभर वाद झाला तर मी तो थांबवत नाही. वेळापत्रक मग कोलमडतं ते कोलमडतं.

आता 'डिजिटल'कडे. कागद पडद्यावर येईपर्यंत तो किती हातांतून जातो हे समजायला आपल्याला धुळ्याच्या बाहेर जायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरं, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे एकूण बावीस झाले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले, आणि त्यांच्या मागे तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. आज त्या खंडांचे स्कॅन कुणालाही मोबाइलवर उघडता येतात. पण मोबाइलवर दिसतं ते काय? पेशवाईतल्या कारकुनानं मोडीत लिहिलेलं पत्र. ते कुणीतरी वाचून बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, उतरवलं. छापखान्यात खिळे जुळवले गेले. शंभर वर्षांनी त्या छापील पानाचा फोटो निघाला. आणि त्या फोटोवरून संगणकानं अक्षरं ओळखायचा प्रयत्न केला. पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर चूक शिरायला जागा. म्हणून मी प्राध्यापकांना पहिला प्रश्न विचारते, 'तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात?'

स्कॅनमध्ये काही गोष्टी हरवतात. कागदाचा आकार कळत नाही. हातभर लांब कागद आणि चिठोरं पडद्यावर एकाच मापाचं दिसतं. पाठीमागची बाजू बहुतेक वेळा नसतेच. शाई कुठे दाबून लिहिली, घडी कुठे पडली, हे फोटो काढणाऱ्याच्या मर्जीवर. शक्य असेल तेव्हा मी मंडळींना आधी खरं जुनं दफ्तर दाखवायला घेऊन जाते आणि मग पडद्यासमोर बसवते. उलट क्रमानं केलं की ते दफ्तराकडेही पीडीएफ असल्यासारखे बघतात.

यातला सगळ्यात व्यवहारी भाग म्हणजे शोधायचं कसं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' आहे, केंद्र सरकारचं 'इंडियन कल्चर' पोर्टल आहे, खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, राज्य सरकारनं जुनी गॅझेटिअर चढवली आहेत. कोठार मोठं आहे. पण आमचे प्राध्यापक तिथे 'धुळे' लिहितात, काही सापडत नाही, आणि 'मॅडम, आपल्या भागाचं काहीच नाहीये' म्हणून मोकळे होतात.

सापडत नाही, कारण पोर्टल कागद वाचत नाही. ते कागदाला चिकटवलेली चिठ्ठी वाचतं. ती चिठ्ठी जुन्या कारकुनानं दिलेल्या इंग्रजी नावावरून बनलेली असते. त्याच्या लेखी धुळे म्हणजे 'धुलिया'. खान्देशाचं स्पेलिंग आणखी मागे गेलात तर 'के'ऐवजी 'सी'नं सुरू होतं. दुसरी गोम जिल्ह्यांची. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन झाले, जळगाव पूर्वेत, धुळे पश्चिमेत. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. त्यामुळे ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले, त्या काळातले सरकारी कागद शोधायचे तर 'पश्चिम खान्देश' या नावाखाली हात घालायला हवा. एवढं सांगितलं की अर्ध्या तासात वर्गात आरडाओरडा सुरू होतो, "सापडलं, सापडलं!" मोडी आणि जुन्या मराठी छपाईच्या बाबतीत मात्र शब्द टाकून शोधायची आशा फार धरू नये. तिथे पान उलटत बसायचं, राजवाडे बसायचे तसं.

हा सगळा खटाटोप शाळेतल्या शिक्षकांऐवजी त्यांच्या शिक्षकांपासून का सुरू करायचा? अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला हा अनुभव आपल्याआधी आला. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या संग्रहातले फोटो, नकाशे, पत्रं डिस्कवर भरून काही शाळा आणि ग्रंथालयांना प्रयोगादाखल पाठवायला सुरुवात केली. १९९४ नंतर तेच इंटरनेटवर आलं. वस्तू पोहोचल्या, पण त्यांचं करायचं काय हे वर्गाला उमगायला वेगळी तयारी लागते, हे हळूहळू ध्यानात आलं. मग शिक्षकांना आणि शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना अस्सल साधनं वापरायला शिकवण्याचे कार्यक्रम सुरू झाले, त्यांना तिथल्या संसदेनं पैसा दिला. हिशेब साधा आहे. आपल्याकडे बी.एड.चं एक युनिट पन्नास विद्यार्थ्यांचं. त्यातले समजा दहा इतिहास मेथड घेतात. एका मेथड मास्टरच्या हाताखालून दहा वर्षांत शंभर शिक्षक जातात आणि प्रत्येक जण पुढे तीस वर्षं शिकवतो. पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

त्यांच्या सगळ्या सामग्रीतलं मला सर्वांत उपयोगी पडलं ते एक साधं पान. त्यावर तीन रकाने. आम्ही त्यांना नावं दिली 'दिसतं', 'वाटतं' आणि 'विचारू'. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसणारं लिहायचं. दुसऱ्यात त्यावरून काय वाटतं ते. तिसऱ्यात पडलेले प्रश्न. कुठूनही सुरू करा, मागे-पुढे उड्या मारा, हरकत नाही. ऐकायला बालवाडीतला खेळ वाटतो. पंधरा-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला यातला पहिला रकानाच सगळ्यांत अवघड जातो.

एकदाचा प्रसंग सांगते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात १८६१ चा एक रंगीत नकाशा आहे. त्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांना एका प्रचंड सापानं विळखा घातलाय. शीर्षक झाकून तो पडद्यावर टाकला. पहिला हात वर आला: "साम्राज्यवाद!" म्हटलं, ते 'वाटतं'मध्ये. दिसतं काय? "शोषण." दिसतंय का शोषण? कुठे आहे, बोट ठेवा. शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "साप आहे." हां, लिहा. साप कुठून कुठे गेलाय? समुद्रकिनाऱ्याच्या कडेकडेनं. आणि आत? एका नदीच्या बाजूनं. राज्याराज्यांत काय आहे? बारीक बारीक चित्रं आहेत. दहा मिनिटांत पहिला रकाना भरला आणि तिसरा आपोआप वाहायला लागला. साप मैदानात का नाही, किनाऱ्यालाच का? विषारी आहे की आवळणारा? काढणारा कुणाच्या बाजूचा?

मग शीर्षक उघडलं: स्कॉटचा महासर्प. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूच्या जनरल स्कॉटची योजना अशी होती की दक्षिणेची बंदरं आणि मिसिसिपी नदी आवळून धरायची, म्हणजे व्यापार गुदमरेल. व्यंगचित्रकारानं तीच काढली. एप्रिल १८६१ मध्ये लिंकननं नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेच्या बंदरांतून बाहेर काय जायचं? कापूस. तो जायचा कुठे? लँकेशायरच्या गिरण्यांना. तो थांबल्यावर गिरण्यांनी कुणाकडे पाहिलं?

एवढं झाल्यावर मी काही बोलले नाही. फक्त दुसरा कागद वाटला, खान्देश गॅझेटिअरमधलं कापसावरचं पान. यावल, चोपडा, अमळनेर, पाचोरा या भागांतून आलेली माणसं ती. कपाशी म्हणजे त्यांच्या घरची लक्ष्मी. अमेरिकेत युद्ध पेटलं म्हणून मुंबईत कापसाचा भाव चढला, खान्देशात कपाशीचा पेरा वाढला, त्याच दशकात आगगाडी आली, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव आपटला, हे त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी स्वतः जुळवलं. एक मॅडम म्हणाल्या, "म्हणजे त्या सापाचं शेपूट आमच्या वावरात होतं." हे वाक्य मला माझ्या कुठल्याच टाचणात लिहिता आलं नसतं.

त्याच गॅझेटिअरचं भिल्लांवरचं पान मी वेगळ्या कारणासाठी काढते. पूर्ण समाजाला एका वाक्यात गुणदोष चिकटवून टाकणारी त्या काळच्या अंमलदारांची भाषा तिथे आहे. पहिल्यांदा हे पान काढलं तेव्हा मी पुरेशी तयारी न करता काढलं, आणि ती माझी चूक होती. नंदुरबारकडचे एक प्राध्यापक, स्वतः भिल्ल समाजातले, पूर्ण तासभर गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या रकान्यात एकच प्रश्न आहे. यात आमची माणसं बोलताहेत ते पान कुठलं?"

तसं पान त्या पुस्तकात नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं, हे आपल्याला पलटणीच्या बाजूनं कळतं. १८५७ च्या सुमाराचा भिल्ल नायक खाज्या नाईकांचा उठावही बराचसा त्यांच्याशी लढणाऱ्यांच्या पत्रव्यवहारातूनच. जो लिहीत होता त्याच्या हातात महसुलाची वही आणि बंदूक दोन्ही होतं. डिजिटल कोठारांत हे असमान माप जसंच्या तसं उतरतं, कारण जे लिहिलं गेलं आणि जपलं गेलं तेच स्कॅन होतं. त्या दिवसापासून मी हे पान कधीच एकटं देत नाही. सोबत काम असतं: सातपुड्यातल्या आपल्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन, म्हाताऱ्या माणसांची परवानगी घेऊन, त्यांच्या तोंडून गाणी-कहाण्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायच्या, आणि त्यांनाही तेच तीन रकाने लावायचे. मौखिक साधनाला सूट नाही. आणि वर्गात ज्या समाजाची मुलं बसलीत त्यांच्याविषयीचा असा कागद काढायचा तर आधी एक दिवस त्यांच्याशी बोलून घ्यायचं, हे मी आता प्रत्येक कार्यशाळेत सुरुवातीलाच सांगते.

हे फक्त इतिहासवाल्यांचं आहे असा मराठी मेथडच्या लोकांचा समज असतो. त्यांच्यासाठी माझ्याकडे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा हा लेख, शके ११२८ चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, पुढे संस्कृतचे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापला, आणि तो खंड आज स्कॅन होऊन उपलब्ध आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील जिथे बाजारातल्या माणसांना कळायला हवा तिथे मराठी येते: पाटणात येणाऱ्या मालावर राजाला मिळायचं ते उत्पन्न, 'तो मढा दीन्हला'. ते मठाला दिलं.

'दीन्हला' वाचल्यावर पुण्याकडच्या माणसाला शब्दकोश लागतो. आमच्या वर्गात शिरपूरच्या सरांना लागला नाही. "आम्ही घरी अजून 'माले दिन्हं' म्हणतो की!" अहिराणीला गावंढळ म्हणून वर्गाबाहेर ठेवणाऱ्या माणसांसमोर आठशे वर्षांपूर्वीच्या दगडातून घरचा शब्द निघाला होता. आता इथेच सावध राहायला लागतं. एका शब्दाच्या सारखेपणावरून अहिराणी थेट यादवकाळातून आली असं म्हणणं हा 'वाटतं'चा रकाना झाला. तो शब्द इतर कुठल्या बोलींत आहे, मधल्या शतकांत कसा दिसतो, हे 'विचारू'मध्ये. सरांना ही सावधगिरी आवडली नाही. पण लिहिली त्यांनी. अहिराणीचा आणखी एक जुना कागद हवा असेल तर इंग्रज अधिकारी ग्रिअर्सननं केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ मध्ये छापलेल्या भागात, खानदेशीचे नमुने आहेत. प्रत्येक भाषेत एकच गोष्ट भाषांतरित करून घेतलेली, बायबलमधली उधळ्या मुलाची. आजीला ऐकवून 'हे बरोबर आहे का' विचारायला झकास.

गणितवाल्यांनाही जुन्या जनगणनेचे तक्ते आणि शेर-मणाचे भाव पुरेसे आहेत. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

किरकोळ पण नडणाऱ्या दोन गोष्टी. एक, इंटरनेटच्या भरवशावर पाठ उभा करू नका. एका कॉलेजात माझ्या कार्यशाळेच्या ऐन वेळी वीज गेली आणि चाळीस माणसं काळ्या पडद्यासमोर बसली. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या छापील प्रती पिशवीत असतात, आणि त्यांच्या खाली तो कुठून घेतला, कुठल्या खंडाचं कितवं पान, हे लिहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'दुर्मिळ' फोटोखाली हेच नसतं, म्हणून तो फोटो फार तर तिसऱ्या रकान्याचा विषय. दोन, हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं, आणि वर्गात शिकवण्यापुरता वापर करायला कायद्यात शिक्षकाला मुभा आहे. भिऊन बसायचं कारण नाही.

खरी गाठ पुढेच आहे. प्राध्यापकाला हे सगळं पटतं, आवडतं, आणि मग सरावपाठाच्या निरीक्षणाचा फॉर्म येतो. त्यात विचारलेलं असतं: विषयप्रतिपादन पूर्ण झालं का? फलकलेखन? दृढीकरण? आता एका छात्राध्यापिकेनं पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एकच कागद दिला, मुलं आठ मिनिटं काही न बोलता बघत बसली, शेवटी फळ्यावर अकरा प्रश्न आणि एकही उत्तर नाही. या पाठाला गुण किती? माझ्याच एका विद्यार्थिनीला अशा पाठाला दुसऱ्या निरीक्षकांनी पंचवीसपैकी अकरा दिले; शेरा होता, 'पाठ अपूर्ण'. तिनं पुढच्या पाठाला तक्ता आणला आणि एकोणीस मिळवले. ती शहाणी होती. म्हणून माझ्या कार्यशाळेचं शेवटचं सत्र पोर्टलवर नसतं, ते या फॉर्मवर असतं. सगळे मिळून दोन ओळी घालतो: मुलांनी कागदावर बोट ठेवून किती गोष्टी सांगितल्या, आणि शिक्षिकेनं किती वेळा 'मलाही माहीत नाही, बघू या' म्हटलं. दुसरी ओळ घालताना दर वेळी भांडण होतं. माहीत नाही म्हणणाऱ्या शिक्षकाला गुण द्यायचे, हे आपल्याकडच्या मास्तराच्या पचनी पडत नाही. मला स्वतःला पडायला बरीच वर्षं लागली.

परवाच्या कार्यशाळेत शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, घरातला एक जुना कागद मोबाइलवर काढून आणा. पारोळ्याकडच्या एका सरांनी आजोबांचं खरेदीखत आणलं. स्टँप पेपर, वर राजाचं डोकं, पूर्व खान्देशचा उल्लेख, बाळबोधीत मजकूर, खाली एक सही आणि दोन अंगठे. पडद्यावर टाकलं. 'दिसतं'चा रकाना भराभर भरला. तेवढ्यात लॅमिनेशनवाले सर, ते या वेळी पुन्हा आले होते, पुढे वाकून म्हणाले, "मागे काही असावं. शाई पलीकडून उमटलीय."

खरंच उमटली होती. चार पुसट रेघा, उलट्या. मागचा फोटो काढलाच नव्हता. सरांनी तिथूनच घरी भावाला फोन लावला. "दादा, तो कागद पलटाव, मांगे काय लिखेल शे ते देख." पलीकडे पेटी उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग दादांनी फोटो पाठवला. चार ओळी होत्या, ठसठशीत, मोडीत. खोलीत बावीस जण होतो. मोडी वाचणारं कुणी नव्हतं.